वॅक्सचा डबा की फर्निचरची बाटली? एका काळ्या गाडीवाल्याचा अनुभव

दसरा जवळ आला की दोन-तीन जण तरी विचारतातच, की भाऊ तुझी पल्सर २०१६ची, मग टाकी अजून अशी कशी चमकते, कोणतं वॅक्स मारतो? खरं उत्तर दिलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो खरं सांग ना यार. खरंच सांगतो. घरात टीव्हीचं युनिट आणि शोकेस पुसायला जी लिंबाच्या वासाची स्प्रेची बाटली असते ना, तीच. वॅक्सचा डबा पण आहे घरात, अर्धा भरलेला, आणि तो अर्धा का राहिला तेच इथे लिहितोय, म्हणजे जो कोणी यंदा दोन्हीपैकी काय घेऊ म्हणून अडकलाय त्याला ठरवता येईल.

एक गोष्ट आधीच. फर्निचर पॉलिश म्हटलं की आपल्याकडे निम्म्या लोकांना सुताराकडचं पॉलिश आठवतं, ते चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापसाच्या बोळ्याने मारतात ते. ते नाही! ते गाडीला लावलं तर रंगावर लाखेचा थर बसेल आणि मग देवच वाली. तसंच दुकानात लाकडाचे ओरखडे लपवणारं गडद रंगाचं पॉलिश मिळतं, त्यात रंगच घातलेला असतो, ते पण नको. मी म्हणतोय ते पांढरट पाण्यासारखं स्प्रे, धूळ पुसायचं. अमेरिकेत प्लेज नावाचं आलं १९५८ साली, तेव्हापासून तिकडचे बाईकवाले हेल्मेटला आणि टाकीला ते मारतात, म्हणजे हा शोध काही जळगावात लागलेला नाही. माझी बाटली दुसऱ्याच कंपनीची आहे, नाव सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला.

आता वॅक्स. मी वॅक्सला वाईट म्हणणार नाही हां. चांगल्या पेस्ट वॅक्समध्ये कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, नखाने खरवडायला जावं तर नखच हरेल इतकं कडक, वितळायलाच ८२ ते ८६ डिग्री लागतात. ते पातळ करायला सॉल्व्हंट घालतात, आपण लावलं की सॉल्व्हंट उडून जातं, मेण धुरकट दिसायला लागतं, मग सुक्या कापडाने घासून काढायचं. माझा मेव्हणा नाशिकला असतो, त्याच्याकडे पॉलिशिंगचं मशीन, चार प्रकारचे पॅड, मायक्रोफायबरची थप्पी, सगळं आहे आणि त्याची कार खरोखर आरशासारखी दिसते. तो मला म्हणाला, "दाजी, टेबल पुसायचं पाणी गाडीला मारताय तुम्ही, बघवत नाही मला." आणि त्यानेच मला तो डबा आणून दिला होता २०१८ला. म्हणजे सुरुवात मी वॅक्सनेच केली, हे लक्षात घ्या.

पण नाशिक वेगळं आणि आपलं जळगाव वेगळं. नाशिकला तो सकाळी दहा वाजता निवांत अंगणात स्टूल टाकून बसतो. इथे मार्चच्या पुढे नऊ वाजता काळ्या टाकीला हात लावून दाखवा. मे महिन्यात पारा ४५ला जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या टाकीवर पापड भाजेल की काय असं वाटतं. अशा पत्र्यावर वॅक्स लावलं की बोट फिरवेपर्यंतच ते वाळतं, आणि जास्त वाळलेलं वॅक्स काढायचं म्हणजे खांदे उतरतात. म्हणून मग पहाटे पाचला उठून सावलीत करायचं. केलं मी ते, दोन वर्षं केलं.

तरी माझं मन उष्णतेने नाही बिघडलं. बिघडलं ते पांढऱ्या चुऱ्याने.

हे जरा सविस्तर सांगतो कारण हाच सगळा मुद्दा आहे. पल्सरच्या टाकीवर तो उठावाचा चंदेरी बिल्ला आहे बघा, अक्षरं वर आलेली. वॅक्सचं कापड त्याच्यावरून गेलं की अक्षरांच्या कडेच्या फटीत थोडं थोडं वॅक्स जाऊन बसतं. बसलेलं असताना दिसत नाही. दोन तासांनी वाळलं की मग दिसतं, प्रत्येक अक्षराला पांढरी किनार. तसंच टाकीच्या झाकणाच्या गोल खाचेत, इंडिकेटरच्या बुडाशी, साइड पॅनल जिथे जोडलंय त्या रेघेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या काळ्या खरबरीत प्लास्टिकवर चुकून बोट लागलं की तिथे राखाडी डाग, तो पाण्याने जात नाही, शाम्पूने जात नाही, घासलं तर अजून पसरतो. मी जुना टूथब्रश घेतला. मग काडेपेटीच्या काडीला ओलं फडकं गुंडाळून एकेका अक्षराच्या पोटातून ते काढलं, अर्धा तास, चष्मा नाकावर ओढून, जणू सराफाकडे दागिना साफ करतोय. आईची शिवणाची सुई पण घेतली एकदा आणि तिने रंगावर बारीक रेघ ओढली, ती अजून आहे, डाव्या बाजूला, बिल्ल्याच्या खाली, मला एकट्यालाच दिसते पण दिसते.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तर एक जण म्हणाला, "चुना कोणी लावला भाऊ, दुकानदाराने का तू स्वतः?" पुढे महिनाभर मला चुनाभाऊच म्हणायचे.

प्लास्टिकवरच्या डागाला मी शेंगदाण्याचं तेल लावून पाहिलं, कोणीतरी सांगितलं होतं. दोन दिवस मस्त काळं दिसलं. तिसऱ्या दिवशी मी यावलला जाऊन आलो आणि त्या तेलावर रस्त्याचा सगळा फुफाटा चिकटून मागचा मडगार्ड बेसनात घोळवलेल्या मिरचीसारखा झाला. मग वैतागून घरात आलो आणि समोर शोकेसवर ती लिंबाची बाटली होती, म्हटलं बघू. फडक्यावर दोन फुसके मारले, प्लास्टिक पुसलं, आणि डाग गेला. पूर्ण गेला. बिल्ल्याच्या कडेचं पांढरं पण त्याच फडक्याच्या टोकाने निघून आलं. मग हात थांबेना, तसाच टाकीवरून फिरवला. पाच मिनिटांत ओली असल्यासारखी काळी दिसायला लागली गाडी. नाना बाहेर खाटेवर बसलेले, त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हाई काय शे रे भो? टेबलनी बाटली गाडीले?"

हे २०१९चं. तेव्हापासून, एक प्रयोग सोडला तर, बाईकला वॅक्स लावलेलं नाही.

ते कसं चमकतं तर त्या स्प्रेत सिलिकॉनचं तेल असतं थोडं. ते वाळत नाही, मेणासारखं गोठत नाही, नुसता पातळ थर पसरतो आणि बारीक ओरखड्यांच्या खाचा भरून काढतो, म्हणून प्रकाश एकसारखा परततो आणि रंग गडद दिसतो. वाळतच नाही तर पांढरं राहणार कुठून! मला तर एवढ्यावरच पटलं होतं. पण मेव्हण्याच्या समाधानासाठी एक प्रयोग केला, शास्त्रीय वगैरे नाही, आपला घरगुती. आखाजीच्या (म्हणजे अक्षय तृतीयेच्या) आधी टाकीचा डावा अर्धा वॅक्सने केला, उजवा बाटलीने, मधोमध कागदी टेप लावून. मग रोजचं जाणं-येणं आणि वर रावेरला मामांच्या शेताच्या तीन चकरा. पहिला आठवडा बायकोला विचारलं कोणती बाजू चांगली, तर ती म्हणाली, "अहो दोन्ही सारख्याच आहेत, भाजी आणायला जा आता." आठ दिवसांनी शाम्पूने धुतली तर उजवी बाजू उतरली, पाण्याचे मणी बनेनात, पाणी सपाट पसरायला लागलं. डावीकडे मणी तसेच टपोरे. आणि पहिला पाऊस झाला तेव्हा पण डावीकडेच पाणी घसरत होतं. म्हणजे टिकण्यात वॅक्स जिंकलं, सरळ जिंकलं, यात मी काही घुसडणार नाही. तुम्ही गाडी महिन्यातून एकदाच धुणारे असाल आणि मधे हात लावणार नसाल तर वॅक्सच घ्या बाबा.

पण आपल्याकडे कोण आठ दिवस हात न लावता राहू शकतं? हायवेचं चौपदरीकरण झालं त्या काळात तर ऑफिसला जाऊन आलं की गाडी मातकट. भुसावळकडून दीपनगरच्या वीज केंद्राजवळून गेलात तर राख वेगळी. उन्हाळ्यात वावटळ सुटली की अंगणात उभी गाडी पण भरते. बोअरचं पाणी इतकं खारं की धुवून वाळली की काळ्या रंगावर पांढरे ठिपके, जणू कांजण्या. दर तिसऱ्या दिवशी पुसावीच लागते. मग तीन महिने टिकणारी चमक घेऊन मी काय करू, जर त्या चमकेवर तिसऱ्या दिवशी धूळच बसणार आहे? बाटलीचं काम पुसण्यातच होऊन जातं. ताजे क्षाराचे ठिपके पण त्याच हातात जातात, जुने नाही जात, त्याला व्हिनेगर लागतं.

केळीचा चीक हा अजून एक प्रकार. हे पुणे-मुंबईवाल्यांना कळायचं नाही. रावेरहून येताना टाकीवर एखादी फणी ठेवून आणली की दांडीतून चीक गळतो, आधी पाण्यासारखा, मग वाळून तपकिरी-काळा, आणि कपड्यावर पडला तर कपडा गेला. प्रयोगाच्या दिवसांत टाकीवर उजवीकडे, बाटलीच्या बाजूला, पडलेला मी घरी येईपर्यंत ओलाच होता, एका फडक्याने निघाला. डावीकडे पण निघाला म्हणा, पण जरा घासावं लागलं, आणि माझ्या मते घासणं हाच रंगाचा खरा शत्रू. हे मोजलेलं नाही, हाताला वाटलं ते सांगतोय.

आता बाटलीचे तोटे, कारण ते लपवले तर मेव्हणा बोलेल.

पहिला, धूळ असताना कोरडं पुसू नका. कोणतीच गाडी पुसू नका खरं तर, पण स्प्रे हातात असला की मोह होतो, दोन फुसके मारले आणि पुसलं. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि तुम्ही सरळ पॉलिश पेपर फिरवताय असं समजा. काळ्या रंगावर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ते असेच पडतात. माझ्या टाकीवर पण आहेत, पहिल्या वर्षीचे. आता आधी साधं पाणी सोडतो, ओलं फडकं हलक्या हाताने, मग कोरडं, आणि शेवटी बाटली.

दुसरा तोटा घसरण्याचा आहे आणि हा गंमतीचा नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी सीटवर पण मारलं. सीट अशी काय चमकली! मग बायकोला घेऊन निघालो, आकाशवाणी चौकात ब्रेक लावला तर ती सरकत येऊन माझ्यावर आदळली आणि मी टाकीवर. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, त्यावरून समजा. तेव्हापासून नियम, सीटला नाही, पायाच्या रबराला नाही, हँडलच्या ग्रिपला नाही, टायरला तर मुळीच नाही. आणि स्प्रे थेट गाडीवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा, कारण पुढच्या डिस्कवर त्याचे तुषार गेले तर ब्रेक लागणारच नाही वेळेला. फरशीवर पण उडतं, आमच्या पोर्चमध्ये नानांचा पाय सरकला होता एकदा, भिंत धरली म्हणून वाचले. आता मी गाडी मातीच्या जागेत घेऊन करतो.

तिसरा तोटा पेंटरचा. २०२२ला टाकीला पोचा आला (पार्किंगमध्ये कोणीतरी पाडली आणि पळून गेला, जाऊ द्या). डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली. त्याने पुट्टी भरली, घासलं, प्रायमर मारला आणि रंगाचा पहिला हात मारला तर रंगात बारीक बारीक गोल खड्डे पडायला लागले, आतून रंगच बाजूला सरकतोय असे. फिश आय म्हणतात त्याला. त्याने गन खाली ठेवली आणि मला विचारलं, "भाऊ, सिलिकॉन लावेल आहे का याच्यावर?" मी मान खाली घालून हो म्हटलं. सगळं परत काढून सॉल्व्हंटने दोनदा पुसून पुन्हा घासून पुन्हा मारावं लागलं, एक दिवस वाया आणि जास्तीचे पैसे वेगळे. सिलिकॉनवर रंग धरत नाही, एवढं त्या दिवशी शिकलो. आता तो म्हणाला की हे फक्त तुमच्या बाटलीचं नाही, बाजारात गाडीचं म्हणून जे लिक्विड पॉलिश मिळतं त्यातल्या बऱ्याच मालात पण सिलिकॉन असतंच, आणि डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेत तर असतंच असतं. पण तरी, गाडी रंगवायला द्यायची असेल तर आधीच सांगून टाका काय लावत होतात ते, लाजू नका.

मॅट रंगाची गाडी असेल तर दोन्ही विसरा. दोन्हीने मधेच चकचकीत चट्टे पडतात.

कारचं काय? आमच्या घरी पांढरी स्विफ्ट आहे, धाकट्या भावाची, पण धुतो मीच. कारच्या बाबतीत मी एवढा ठाम नाही. पत्रा मोठा, छतावर दिवसभर ऊन, पक्ष्यांची विष्ठा पडते ती दोन दिवस कोणाला दिसत पण नाही, तिथे एखादा कडक थर असलेला बरा. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा तिला वॅक्स, त्या अर्ध्या डब्यातलंच. पांढऱ्या रंगावर पांढरा चुरा दिसत नाही हा फायदा, पण वायपरच्या खालच्या काळ्या जाळीत आणि दरवाजाच्या रबरात तो जातोच, आणि तो काढायला मी काय वापरतो ते सांगायला नको. फक्त काचेपासून बाटली लांब ठेवा. एकदा भावाने बॉनेट पुसता पुसता त्याच फडक्याने पुढची काच पण पुसली आणि रात्री धुळ्याहून येताना पारोळ्याच्या पुढे पाऊस लागला, वायपर फिरला की काचेवर तेलकट कमान, समोरच्या ट्रकचा हेडलाइट त्यात फुटून सगळीकडे पसरलेला, काही दिसेना. एरंडोलच्या ढाब्यावर थांबून भांडी घासायचं लिक्विड मागून घेऊन काच धुतली तेव्हा कुठे घरी आलो.

खर्चाचं म्हणाल तर माझी एक बाटली दिवाळीला काढली की आखाजीपर्यंत जाते, एका बाईकला आणि घरच्या फर्निचरला मिळून. वॅक्सचा डबा त्याच्यापेक्षा महाग पडला होता पण तो सहा-सात वर्षं झाली संपलेला नाही, त्यामुळे हिशोब कसा करायचा तो तुम्हीच करा.

तर काय घ्यावं? तुमची गाडी नवीन असेल, हौस असेल, रविवार मोकळा असेल, बसायला सावली असेल तर वॅक्स घ्या, मेव्हण्यासारखी गाडी दिसेल, मी नाही म्हणणार नाही. माझं सगळंच बरोबर असेल असंही नाही, कोणाच्या गाडीच्या रंगाला काय मानवेल सांगता येत नाही, आधी साइड पॅनलच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. पण रोजची गाडी असेल, काळी असेल, तिच्यावर अक्षरं आणि फटी असतील आणि तुमच्याकडे सकाळी डबा भरेपर्यंतची दहाच मिनिटं असतील, तर एकदा घरातली बाटली घेऊन बघा, विकत पण घ्यावी लागणार नाही.

फक्त घरी विचारून घ्या. आमच्याकडे यावरून बरंच झालं, कारण पाहुणे यायच्या दिवशी शोकेस पुसायला घेतली की बाटली कायम गाडीच्या डिकीत सापडायची, म्हणजे शेजाऱ्याच्या स्कूटीच्या डिकीत, कारण पल्सरला डिकीच नाही आणि मी ती तिथे ठेवायचो. आता बायको दोन आणते. एकीवर तिने मार्करने "घर" लिहिलंय आणि दुसरीवर "गाडी". गाडीवाली आधी संपते, मग मी घरवालीतून थोडी थोडी घेतो, आणि तिला ते वासावरून कळतं.